पाठीचं माप

त्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी कामापुरतं बोलत, आणि काम फारसं निघतच नसे. गॅस संपलाय. नळ गळतोय. तुमचा चष्मा टेबलावर आहे. मुलगा परगावी नोकरीला गेला आणि तिथंच दुसरा संसार थाटून बसला, त्याला आठ वर्षं झाली होती. जाताना तो बापाला बायकोवर सोपवून गेला आणि बायकोला बापावर, आणि त्या दोघांनी ही सोपवणूक मनापासून कधी मान्य केली नाही. तरी राहिले एकत्र. तिला जायला दुसरं घर नव्हतं आणि यांना ताट वाढून देणारं दुसरं माणूस नव्हतं. विळ्या-भोपळ्याचं सख्य कसं असतं ते पाहायचं असेल, तर या दोघांना सकाळी एकाच स्वयंपाकघरात दहा मिनिटं पाहिलं तरी पुरे झालं असतं.

म्हणून शनिवारी सकाळी सून समोर येऊन उभी राहिली आणि तिनं टेबलावर एक छापील कागद ठेवला, तेव्हा सासऱ्यांनी आधी कागदाकडे न पाहता तिच्याकडेच पाहिलं. हे सासरे म्हणजे स्टोअरमास्तर. लष्कराच्या साहित्याच्या कोठारात चौतीस वर्षं काढली, आणि सारी चौतीस एकाच कामात: पाठीला धातूच्या फ्रेम असलेल्या सॅक जुळवायच्या आणि ज्याच्या पाठीवर जाणार त्याच्या पाठीला बसवून द्यायच्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नसत. आपल्या हातून चूक होत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पहिल्या भेटीत ऐकवत आणि शेवटच्या भेटीपर्यंत ऐकवत राहत.

कागद डोंगर-बचाव पथकाच्या भरतीचा होता. पाठीवर वीस किलो, सोळा किलोमीटर, चार तास. सॅक फ्रेमचीच हवी आणि उमेदवारानं स्वतःची आणायची. वाटेत कुणाची मदत घेतली तर उमेदवार बाद. निवड झालेल्यांना पथकाच्या वसाहतीत राहायला खोली.

शेवटची ओळ स्टोअरमास्तरांनी दोनदा वाचली.

"हे मला कशाला दाखवतेस?"

"तुमच्या पेटीत फ्रेम आहे."

"माझ्या पेटीत पुष्कळ काही आहे."

"मला फ्रेम पाहिजे. जुळवून, माझ्या पाठीला बसवून. सोमवारी सकाळी सहाला चाचणी आहे. बाजारातली मी पाहून आले. हातानं दाबली तरी वाकते."

"आणि तू नाही वाकणार."

"ते मी बघेन."

एका मोठ्या शिलाईच्या दुकानात ती कटर होती. बारा वर्षं उभ्यानं कापड कापून तिचे पाय लोखंडाचे झाले होते. गेलं वर्षभर ती पहाटे उठून कुठंतरी जाते, हे स्टोअरमास्तरांना ठाऊक होतं. बारीक होण्याचं खूळ डोक्यात शिरलंय असं समजून त्यांनी त्यावर टोमणेही मारले होते. ती पिशवीत विटा भरून मागची टेकडी चढत होती, हे त्यांना आज कळलं. एकाच छपराखाली राहून वर्षभर कळलं नाही, याचा राग त्यांना आधी आला आणि बाकी सगळं नंतर आलं.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की ती कोठारातल्या त्यांच्या जुन्या हाताखालच्या माणसाकडे जाणार, हे उघड होतं. त्यानं आता दुकान काढलं होतं. बक्कल कुठल्या बाजूनं ओवायचं हे ज्याला यांनी शिकवलं, तो यांच्या सुनेची सॅक बांधणार. ते त्यांना सहन होणारं नव्हतं.

"मान खाली घाल," ते म्हणाले.

पेटीतून त्यांनी दोन उभ्या नळ्या काढल्या, चार आडव्या पट्ट्या, पाठीला टेकणारी जाळी, खांद्याचे जाड पट्टे, रुंद कंबरपट्टा, पिना-कड्यांची डबी आणि फ्रेमला अडकवायची रिकामी सॅक. आधी माप. मान वाकवली की मागे जे हाड वर येतं तिथून सुरुवात करायची आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप सोडायची. उंचीशी याचा काही संबंध नसतो. ताडासारख्या उंच जवानाची पाठ आखूड निघते आणि बुटक्याची लांब. नवशिके उंची बघून फ्रेम देतात आणि मग जवान पाचव्या मैलावर शिव्या देत बसतो. स्टोअरमास्तरांनी हे शेकडो जणांना ऐकवलं होतं, तिलाही ऐकवलं. माप घेणं तिला नवीन नव्हतं.

"शेहेचाळीस सेंटिमीटर," ते पुटपुटले.

मग ते जमिनीवर बसले आणि हात चालू लागले. उभ्या नळ्यांना भोकं होती. त्यांत आडव्या पट्ट्या बसवल्या, जाळी ताणून बांधली, एवढी की टिचकी मारली तर वाजावी. कंबरपट्टा खालच्या टोकांना पिनांनी अडकवला आणि पिना निसटू नयेत म्हणून त्यांच्या टोकांत किल्लीच्या रिंगसारख्या वेढ्याच्या कड्या ओवल्या. आता राहिले खांद्याचे पट्टे. ते कुठल्या आडव्या पट्टीला बांधायचे यावर सगळं अवलंबून असतं. बरोबर पट्टीला बांधले तर कंबरपट्टा कमरेच्या हाडावर बसतो आणि वजन पाय उचलतात. एक पट्टी खाली बांधले तर कंबरपट्टा वर सरकून पोटावर येतो, कमरेला काही मिळत नाही आणि सगळा भार खांद्यांना लोंबकळतो. पहिले दोन किलोमीटर काही जाणवत नाही. सहाव्याला हात बधिर होतात. दहाव्याला माणूस खाली बसतो.

त्यांचे हात थांबले. वसाहतीत खोली. म्हणजे संध्याकाळी सातला दाराच्या कुलपात दुसऱ्या कुणाची किल्ली फिरणार नाही. स्वयंपाकघरात भांडं आपटणार नाही. टोमणा मारायचा तर भिंतीला मारावा लागेल. स्टोअरमास्तरांना भीती वाटली. ती वाटली म्हणून त्यांना सुनेचा आणखीच संताप आला.

त्यांनी पट्टे एक पट्टी खाली बांधले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"झालं," ते म्हणाले. "उचल."

तिनं रिकामी सॅक पाठीवर घेतली, खोलीत चार पावलं टाकली आणि मान हलवली. आभार वगैरे मानायची त्या घरात पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी तिनं सॅकमध्ये विटा भरल्या. जुन्या चादरीत गुंडाळून, तराजूवर वजन करून, बरोबर वीस किलो. सदरा अंगावर चढवून तिनं दुकानातला खडू घेतला, कमरेचं हाड बोटांनी चाचपलं आणि त्याच्या वरच्या कडेवर दोन्ही बाजूंना सदऱ्यावर रेघ ओढली. स्टोअरमास्तर खुर्चीतून बघत होते. हे काय चाललंय ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ती जिन्यावर होती.

चार मजले होते. ती खाली गेली, वर आली, पुन्हा गेली. बारा खेपा. प्रत्येक खेपेला दारासमोरून जाताना तिचा श्वास ऐकू येई. तेराव्या खेपेला ती आत आली, सॅक उतरवली नाही, थेट त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सदऱ्याकडे बोट दाखवलं. खडूची रेघ कंबरपट्ट्याच्या खाली तीन बोटं होती.

"बसेल," स्टोअरमास्तर म्हणाले. "नवीन पट्टा आहे. सरकतो थोडा."

"सरकला नाही. मुळातच वर आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं सॅक उतरवली, गळ्यातली टेप काढली आणि फ्रेमवर धरली. खांद्याच्या पट्ट्याच्या बुडापासून कंबरपट्ट्यापर्यंत.

"वाचा."

त्यांनी वाचलं नाही.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "काल तुम्ही शेहेचाळीस म्हणालात. मी ऐकलं. इंच-अर्धा इंच इकडे तिकडे झालं असतं तर मी म्हटलं असतं, म्हातारा माणूस आहे, नजर गेली. पण ही अख्खी एक पट्टी खाली आहे. आणि तुमची चूक होत नाही, हे तुम्हीच मला आठ वर्षं सांगताय."

यावर खरं तर एकच उत्तर होतं आणि ते त्यांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते बाहेर काढायचं म्हणजे तिच्यासमोर हात पसरल्यासारखं झालं असतं. त्याऐवजी जे बाहेर पडलं ते वेगळंच होतं.

"चूक नाही झाली. तुझ्याच्यानं काही होणार नाही, हे तुला लवकर कळावं म्हणून केलं. पस्तिशीची बाई डोंगरात माणसं वाचवायला निघालीय. घरातला एक माणूस धरून ठेवता आला नाही."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना. पण बाण सुटला होता. सून रडली नाही. तिनं एकदा त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीत मागे सरकले. मग तिनं सगळ्या विटा बाहेर काढल्या, सॅक फ्रेमवरून सोडवली आणि फ्रेमची एक एक पट्टी, एक एक पिन सुटी करून जमिनीवर मांडली.

"पेटीला हात लावू नका," ती म्हणाली. "आणि मलाही काही सांगू नका."

तिनं फ्रेम स्वतः जुळवली. स्टोअरमास्तरांना नाइलाजानं मान्य करावं लागलं, मनातल्या मनात, की बाईच्या हातात कसब आहे. एकदाच पाहिलं होतं, पण जाळी त्यांच्याइतकीच ताणली. खांद्याचे पट्टे बरोबर शेहेचाळीसवर आणले. पट्ट्याचं मोकळं टोक दुमडून बक्कलात परत घातलं, म्हणजे सुटू नये. कोठारातल्या निम्म्या माणसांना हे वर्षभरात जमलं नव्हतं.

मग ती कंबरपट्ट्याच्या पिनांकडे वळली, आणि तिथं चुकली.

पिनेचं गोल डोकं अंगाच्या बाजूला हवं आणि कडी बाहेरच्या बाजूला. तिनं उलट केलं. डोकं बाहेर, कडी आत. स्टोअरमास्तरांना क्षणभरात कळलं की का. शिवणारा माणूस गाठ नेहमी आत ठेवतो. बाहेरून गुळगुळीत, जे काही ओबडधोबड असेल ते आतल्या बाजूला, कुणाला दिसू नये असं. बारा वर्षं तिनं हेच केलं होतं, तिचे हात आपोआप तिकडे गेले. पण कडी आत असली की ती पावलागणिक कंबरपट्ट्यावर घासते. घासून घासून फिरते, फिरत फिरत पिनेतून निघते आणि मग पिनही गळते. तिथल्या तिथं नव्हे. दहा-अकरा किलोमीटरनंतर.

आता त्यांना काहीच करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं. ती काही सांगू नका म्हणाली होती, हे गप्प बसले असते. सगळं आपोआप झालं असतं आणि कुणी बोट दाखवलं नसतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले. ओट्याशी उभे राहिले. ती बाहेर विटा परत भरत होती, त्याचा आवाज येत होता. त्यांना आठवत राहिलं ते हे की चौतीस वर्षांत उलटी पिन दिसली आणि ते पुढे गेले, असं एकदाही झालं नव्हतं. शत्रूच्या माणसाची सॅक असती तरी त्यांनी थांबवलं असतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. ते बाहेर आले.

"त्या कड्या बाहेरून पाहिजेत."

तिनं वर पाहिलं नाही.

"पिना उलट्या बसल्यात. कडी घासून निघेल. अकराव्या-बाराव्या किलोमीटरला पट्टा सुटेल."

आता ती हसली. पहिल्यांदा, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

"काल पट्टी, आज पिन. उद्या काय, बूट उलटे घालायला सांगाल?"

"खरं सांगतोय मी."

"कालही खरंच सांगत होतात. झालं, उचल, म्हणालात."

"अगं, तू त्या काढून तरी बघ."

"बघते की. बाहेर कडी ठेवायची, झुडपात अडकायची, उघडायची आणि मी तिथंच बसायची. तुमच्या मनासारखं." तिनं सॅक उचलली. "गाठ आतून असते. मला शिकवू नका."

ती सॅक घेऊन आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. स्टोअरमास्तर दाराबाहेर उभे राहिले. ठोठावून काय सांगणार होते? जे सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि ज्या तोंडानं सांगायचं त्या तोंडाची किंमत त्यांनी स्वतःच घालवली होती.

सोमवारी ती निघून गेल्यावर त्यांनी डबीतून दोन पिना आणि दोन कड्या खिशात टाकल्या आणि बस पकडली. चाचणीची वाट कागदावर छापलेली होती. बाराव्या किलोमीटरला पाण्याची टाकी होती, तिथं ते उतरले. टाकीच्या सावलीत एक ढेरपोट्या पंच खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर वही आणि गळ्यात शिट्टी.

"कुणासाठी थांबलात?" पंचानं विचारलं.

"असंच."

"उमेदवाराला काही दिलंत तर तो बाद होतो, एवढं लक्षात ठेवा. पाणीसुद्धा नाही."

पहिले सात उमेदवार गेले. पुरुष, तरुण, माना खाली. मग ती वळणावर दिसली, आणि लांबूनच स्टोअरमास्तरांना समजलं. वजन डाव्या बाजूला कललं होतं. उजवीकडचा कंबरपट्टा सुटून लोंबत होता आणि ती उजवा हात मागे नेऊन फ्रेमची नळी धरून चालत होती. तसं चालता येतं, पण वेग धरता येत नाही. टाकीपाशी ती थांबली. सॅक उतरवली, रुमाल काढला, दातांनी फाडून त्याच्या चिंध्या केल्या, पीळ दिला आणि नळीतल्या पिनेच्या भोकातून ओवून पट्टा बांधायला लागली.

ती त्यांच्यापासून पाच पावलांवर होती. खिशात त्यांच्या मुठीत पिन होती. दोन मिनिटांचं काम. पण ती पिन तिच्या हातात देणं म्हणजे तिला इथंच संपवणं, आणि पंच वहीवर पेन धरून बघत होता. तिनं मान वर केली. तिला त्यांचा खिशातला हात दिसला, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की आता हे काय करणार, याची ती वाट बघतेय. स्टोअरमास्तरांनी मूठ उघडली, हात रिकामाच बाहेर काढला आणि दोन पावलं मागे सरकले. तिनं गाठ मारली, सॅक पाठीवर टाकली आणि गेली.

ते तिथून घरी आले. शेवटच्या ठिकाणी जायचा धीर झाला नाही.

ती दुपारी आली. सॅक दाराशी टेकवली, खुर्चीवर बसली आणि बूट काढले. मोजे टाचेशी लाल झाले होते.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली.

त्यांना कळलं. चार तास नऊ मिनिटं. वसाहत नाही, खोली नाही. संध्याकाळी सातला किल्ली फिरणार. त्यांना हवं होतं ते नेमकं तसंच मिळालं होतं आणि ते घशाखाली उतरत नव्हतं.

"मी सांगितलं होतं," त्यांच्या तोंडून निघालं. काय निघायला हवं होतं, देव जाणे.

"सांगितलंत. पिन खरी होती, ते मला अकराव्या किलोमीटरला कळलं." तिनं दुसरा बूट काढला. "आणि मी ऐकलं का नाही, ते तुम्हाला शनिवारपासून माहीत आहे."

त्यांनी दाराशी टेकवलेल्या सॅककडे पाहिलं.

"सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे. त्यानंतर माझं वय बसत नाही. म्हणजे एकदाच." तिनं दाराकडे बोट केलं. "शिकवा मला."

"मी बांधून देतो. या वेळी नीट..."

"बांधून नकोय. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. शिकायचंय. कुठली पट्टी कुठं आणि का. पटलं नाही तर पुन्हा विचारीन, आणि तुम्ही चिडायचं नाही."

"आणि शिकलीस की जाशील."

"हो."

"मग मी इथं एकटाच."

आठ वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं. बोलल्यावर स्टोअरमास्तरांना वाटलं, आता ती काहीतरी लागट बोलेल, आणि त्यांनी तशी तयारीही केली. ती मोज्याची कड सोलून काढत राहिली. कापड जखमेला चिकटलं होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "असं सरळ सांगितलं असतंत तर मी ऐकून घेतलं असतं. गेले असतेच. पण ऐकून घेतलं असतं."

ती उठून अनवाणी दाराशी गेली, सॅक ओढत खोलीच्या मध्यभागी आणली आणि जमिनीवर बसली. स्टोअरमास्तर खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली टेकले. गुडघे वाजले. दोघांच्या मध्ये फ्रेम आडवी होती.

"डावी पिन बघ," ते म्हणाले. "अजून आहे ती. कडी कुठवर आलीय?"

तिनं वाकून पाहिलं. कडी पिनेच्या टोकाशी, जेमतेम एका वेढ्यावर लटकत होती. बोट लावताच हातात आली.

"का?" तिनं विचारलं.

त्यांनी पिन तिच्या हातून घेतली आणि सांगायला सुरुवात केली. घाई केली नाही, काही गाळलं नाही. ही गोष्ट तिला पुन्हा त्यांना विचारावी लागू नये, इतकं नीट सांगितलं.